प्रस्तावना : ओल्या अंगठ्याची खूण

आमच्या चौकात मंडळाचा काळा फळा आहे. रोज सकाळी मंडळातलाच एक पोरगा त्यावर खडूने मजकूर लिहितो. पाणी उशिरा येणार, अमक्यांचे दुःखद निधन, तमक्यांची मुलगी सीए झाली. एकदा त्याने मोठ्या अक्षरात ‘हार्दीक अभिनंदन’ लिहिले होते. दूध घेऊन परत येताना पाहिले, तर त्यातली दीर्घ वेलांटी कुणीतरी ओल्या अंगठ्याने पुसली होती आणि फळीवर पडलेल्या खडूच्या तुकड्याने ऱ्हस्व केली होती. पुसल्याचा पांढरट डाग तसाच राहिला होता. दिवसभर येणारे-जाणारे आधी अभिनंदन वाचत होते, मग डाग पाहत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

या पुस्तकाचा विषय त्या फळ्याइतका साधा दिसत नाही. रस्त्यावर, स्थानकात, इमारतींवर जे मोठे पडदे लागले आहेत, त्यांच्याशी खिशातल्या फोनने कसा व्यवहार करता येतो, आणि फोनच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या जगावर माहितीचा जादा थर चढवण्याच्या तंत्राचा, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीचा, त्यात काय उपयोग होतो, हा तो विषय. तरी गेली काही वर्षे यावर वाचताना, प्रयोग पाहताना मी मनात सारखा त्या फळ्याकडेच परत येत राहिलो. फळा सगळ्यांना दिसत होता. त्याच्यापर्यंत कुणाचाही हात पोचत होता. आणि हात लागला की त्याची खूण तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उरत होती. मोठे पडदे आले तेव्हा पहिली गोष्ट भरपूर वाढली, दुसरी गेली, आणि तिसरी गेली हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

दादरच्या पुलावरून उतरताना आपण सगळे मान वर करून इंडिकेटर वाचतो. गाडी कुठली, फास्ट की स्लो, किती मिनिटांत. आता त्या इंडिकेटरला काही विचारायचे असेल तर? तशी सोय नाही. म्हणून आपण शेजारच्याला विचारतो, “काका, ही दिव्याला थांबते का?” काका इंडिकेटरकडे एक नजर टाकतात, स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या प्रवासाची भर घालतात आणि उत्तर देतात. सार्वजनिक पडद्याशी संवाद साधायचे आपले सर्वांत जुने आणि सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे हे काका. पडदा उंचावर, काचेमागे, लोखंडी चौकटीत, आपण खाली. तंत्रज्ञांनी गेली पंचवीस-तीस वर्षे या विषयात जी खटपट केली, ती थोडक्यात काकांची जागा फोनने कशी घ्यावी याची आहे. ती घ्यावी का, हा प्रश्न मात्र त्यांनी नेहमीच विचारला असे नाही.

सुरुवातीचा एक प्रयोग मला अजूनही सर्वांत आवडतो. बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झ या गजबजलेल्या चौकात ‘हाउस देस लेरर्स’, म्हणजे शिक्षक भवन, नावाची बारा मजली इमारत आहे. २००१ साली ती दुरुस्तीच्या प्रतीक्षेत रिकामी पडली होती. केऑस कॉम्प्युटर क्लब ही जर्मनीतली हॅकर मंडळींची संस्था. तिला त्या वर्षी वीस वर्षे पूर्ण होत होती. या मंडळींनी इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांवरच्या, दर मजल्याला अठरा अशा १४४ खिडक्यांच्या काचा आतून पांढऱ्या रंगवल्या आणि प्रत्येक खिडकीमागे एकेक दिवा लावून सगळे दिवे संगणकाला जोडले. झाला १४४ ठिपक्यांचा पडदा. आज आपल्या मनगटावरच्या घड्याळात याच्या शेकडो पट ठिपके असतात. त्याला त्यांनी ‘ब्लिंकेनलाइट्स’ असे इंग्रजी-जर्मन खिचडीचे नाव दिले.

पण मौज ठिपक्यांत नव्हती. चौकात उभे राहून एका क्रमांकावर फोन लावायचा. फोन तेव्हा बटणांचे. त्यांत कॅमेराही नसे. फोन लागला की फोनवरच्या आकड्यांच्या बटणांनी इमारतीवर ‘पाँग’ खेळता येई. एक उजळलेला चौकोन म्हणजे चेंडू, कडेची उभी रेघ म्हणजे आपली बॅट. दुसऱ्या कुणी फोन लावला तर तो प्रतिस्पर्धी, नाहीतर संगणक. काहींनी प्रेमपत्रे केली. घरी बसून छोटे चलच्चित्र तयार करायचे, ते पाठवायचे, त्याचा एक संकेतांक मिळवायचा. मग संध्याकाळी त्या व्यक्तीला घेऊन चौकात यायचे, फोन करून संकेतांक दाबायचा, की आठ मजले उंच बदाम धडधडायला लागे. सप्टेंबर २००१ ते फेब्रुवारी २००२ हा खेळ चालला. पुढे २००२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मनोऱ्यावर ५२० खिडक्या आणि २००८ मध्ये टोरांटोच्या नगरभवनावर ९६० खिडक्या उजळल्या. ठिपके वाढले, करामती वाढल्या. मूळ गंमत तीच होती. फोन एकाच्या कानाला, पण चेंडू सगळ्या चौकाचा. कोण खेळतो आहे ते कळत नसे; काय चालले आहे ते मात्र बसची वाट पाहणाऱ्या आजीबाईंनाही दिसे.

फोनला कॅमेरा आला आणि चित्र बदलले. आता फोन लावायची गरज उरली नाही. नुसता पडद्याकडे रोखला की पुरे. इथे एक तांत्रिक गाठ आहे. ती या पुस्तकात पुढे सविस्तर सोडवली आहे, पण तिचा धागा इथेच हाती असलेला बरा. भिंतीवर आयताकृती पडदा आहे. आपण तो कधी समोरून, कधी तिरका, कधी खालून पाहतो. फोनच्या चित्रात तो आयत राहत नाही. वाकडातिकडा चौकोन होतो. पण त्याचे चार कोपरे फोनला नेमके सापडले, तर फोनवरच्या कोणत्याही बिंदूवर बोट ठेवले असता भिंतीवरचा नेमका कोणता बिंदू अभिप्रेत आहे, हे गणिताने काढता येते. चार बिंदूंच्या जोड्या पुरतात. सगळी जादू या चार कोपऱ्यांवर उभी आहे. अडचण एवढीच, की हात हलतो, समोर कुणाचे तरी डोके येते, काचेवर ऊन चमकते, आणि हा हिशेब दर सेकंदाला पंचवीस-तीस वेळा नव्याने करावा लागतो.

कोपरे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे ओळखीची खूण चिकटवणे. आज वडापावच्या गाडीवरही दिसणारा क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी बनवला. त्याच्या तीन कोपऱ्यांत जे ठळक चौकोन असतात, ते नक्षीसाठी नाहीत. कोड उलटा धरला आहे की तिरका, हे वाचणाऱ्या यंत्राला त्यांच्यावरून कळते. जगावर चित्र चढवण्याच्या खटपटीचा इतिहास त्याहून जुना आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये छताला टांगलेले, डोक्यावर चढवायचे अवजड यंत्र केले होते. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव १९९०च्या सुमारास बोइंगमध्ये, विमानातल्या तारांच्या जुडग्यांची जुळणी सोपी करण्याच्या कामातून पुढे आले. १९९९ मध्ये हिरोकाझु काटो यांनी साध्या छापील चौकोनाचा आधार घेऊन कॅमेऱ्याच्या चित्रावर त्रिमितीय आकृती उभी करणारे साधन केले आणि हे तंत्र विद्यार्थ्यांच्या हाती आले. २००५ मध्ये राफाएल बालागास, मायकेल रोस आणि जेनिफर शेरिडन यांनी कॅमेऱ्याच्या फोनने मोठ्या पडद्यावर काम करायच्या दोन तऱ्हा मांडल्या. एकीत फोन हवेत माऊससारखा सरकवायचा. दुसरीत पडद्यावरच्या वस्तूवर नेम धरून बटण दाबायचे. त्या क्षणापुरते पडद्यावर खुणेचे कोड झळकत आणि फोन त्यांच्यावरून आपला नेम कुठे आहे ते ओळखे.

पुढचे पाऊल म्हणजे थेट चित्रालाच हात घालणे. १९९२ मध्ये हिताचीच्या संशोधकांनी कारखान्यातल्या यंत्रांचे चित्र कॅमेऱ्यातून पाहत, त्या चित्रातल्याच यंत्रावर बोट ठेवून ते चालवायची कल्पना मांडली होती. सेबास्टियन बोरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती फोनवर आणली आणि तिला ‘टच प्रोजेक्टर’ म्हटले. फोन समोर धरायचा, त्यात दूरचा पडदा दिसतो, त्यावरच्या छायाचित्राला फोनच्या काचेवरच बोटाने ओढायचे. तिकडे भिंतीवर खरे छायाचित्र सरकते. फोन तसाच धरून शेजारच्या पडद्याकडे वळवला तर ते छायाचित्र त्या पडद्यावर जाऊन बसते.

हे वाचताना फार सुबक वाटते. करून पाहिल्यावर दुखणी कळतात. पडदा लांब असला की फोनवर तो टपाल तिकिटाएवढा दिसतो आणि आपला अंगठा त्यावर ताडपत्रीसारखा पसरतो. चित्र मोठे करावे तर हाताची थरथरही त्याच्यासोबत मोठी होते. दोन-तीन मिनिटे फोन वर धरला की दंड भरून येतो. म्हणून त्या संशोधकांनी चित्र आपोआप मोठे करण्याची सोय केली, आणि दुसरी त्याहून शहाणपणाची: चित्र गोठवायची. नेम धरायचा, दृश्य थांबवायचे, हात खाली घेऊन निवांत बोट फिरवायचे. अर्थात गोठवलेल्या चित्रात मधल्या काळात इतरांनी काय केले ते दिसत नाही. स्वतःच्या सोयीसाठी सगळ्यांचा पडदा क्षणभर एकट्याचा करून घ्यावा लागतो. ही किंमत लहान दिसते, पण ती या विषयात पुन्हा पुन्हा चुकवावी लागते.

ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात डॅन्यूब नदीच्या काठी आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटर नावाची इमारत आहे. तिच्या बाह्य भिंतीवर सुमारे ११०० काचा आणि त्यांमागे सुमारे ४०,००० एलईडी दिवे आहेत. रात्री अख्खी इमारत रंग बदलते. ‘टच प्रोजेक्टर’च्या संशोधकांपैकी काहींनी इथे फोनमधून इमारत रंगवायचा खेळ मांडला आणि २०११ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेकांना एकाच वेळी हात घालता यावा, हाच त्याचा गाभा होता. फोन इमारतीकडे रोखायचा, रंग निवडायचा, फोनमधल्या खिडकीवर बोट टेकवायचे, की खरी खिडकी त्या रंगाने उजळते. आता कल्पना करा. तुम्ही एक पट्टा लाल करत आणला आहे आणि मधल्या चार खिडक्या अचानक हिरव्या होतात. शेजारी फोन धरून उभ्या असलेल्या पाच-सहा जणांकडे तुम्ही पाहता. त्यांतला कोण? भांडायचे की मिळून काही करायचे? कुणी ओळख देऊन हसतो, कुणी मुकाट्याने आणखी दोन खिडक्या रंगवतो. होळीच्या दिवशी गच्चीवरून फुगा कुणी मारला, हे शोधताना जे होते तेच. हा गोंधळ मला दोष वाटत नाही. खूण भिंतीवर उमटत होती म्हणूनच तर गोंधळ झाला. चौकातला फळाही असाच चालतो.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे भिंतीला न शिवता फक्त आपल्या फोनमध्ये तिच्यावर थर चढवणे. डिसेंबर २०१० मध्ये ‘वर्ड लेन्स’ नावाचे ॲप आले. पाटीकडे फोन धरला की तिच्यावरची अक्षरे त्याच जागी दुसऱ्या भाषेत दिसू लागत. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि आज हे तंत्र कोट्यवधी फोनांत आहे. चेन्नईच्या बसवर फक्त तमिळ पाटी असेल तर कोल्हापूरचा माणूस तिच्याकडे फोन धरून मराठीत काहीतरी वाचू शकतो. भाषांतर कधीकधी विनोदी होते, तो भाग वेगळा. हा उपयोग मोलाचा आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. तोच न्याय पुढे नेला तर स्थानकाच्या पडद्यावर एकाला आपली गाडी ठळक दिसेल, कमी दिसणाऱ्याला अक्षरे मोठी दिसतील, चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला आधी लिफ्टची दिशा दिसेल. मात्र शेजारी-शेजारी उभे असलेले दोघे एकाच भिंतीकडे पाहून वेगवेगळे वाचत असतील. मग “काका, ही दिव्याला थांबते का?” हा प्रश्नच उरणार नाही. २०१६ च्या जुलैत ‘पोकेमॉन गो’ आले तेव्हा याची झलक जगाने पाहिली. उद्यानांत शेकडो माणसे एका जागी गोळा होत आणि खेळात नसलेल्याला तिथे काहीच दिसत नसे. गर्दी होती, पण ती कशाभोवती आहे हे बाहेरच्याला कळत नव्हते.

इथे तंत्रज्ञांपेक्षा माणसांचा अभ्यास करणाऱ्यांचे ऐकावे. हॅरी ब्रिग्नल आणि इव्हॉन रॉजर्स यांनी २००३ मध्ये समारंभांत एक मोठा पडदा मांडून, लोक त्याच्याकडे कसे येतात ते पाहिले. लोक आधी दुरून नुसती जाणीव ठेवतात, मग थोडे जवळ येऊन पाहतात, आणि शेवटी काही जण हात लावतात. प्रत्येक टप्प्यावर अडवणारी गोष्ट एकच, भीड. चारचौघांत चुकलो तर? पण एकदा दोन-तीन माणसे पडद्याशी रमलेली दिसली की बाकीचे गुळाला मुंगळे लागावेत तसे जमतात. इंग्रजीत याला त्यांनी मधाच्या बरणीची उपमा दिली. फोनने भीड कमी होते हे खरे. घोळक्यात मागे उभे राहून गुपचूप करून पाहता येते. पण त्याच कारणाने गूळही झाकला जातो. दुरून पाहणाऱ्याला फोन वर धरलेला माणूस दिसतो. तो पडदा चालवतो आहे की सेल्फी काढतो आहे, हे कसे कळणार? त्याच्या कृतीने समोरच्या भिंतीवर काही हलले, तरच.

दुसरा धडा योर्ग म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला. सार्वजनिक पडद्यावर जाहिरातच असणार असे लोक गृहीत धरतात आणि म्हणून तिकडे पाहतच नाहीत. आपल्याला हे सांगायला जर्मनीतल्या अभ्यासाची गरज नव्हती. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे बत्तीस चेहरे आपण रोज न पाहता पार करतो. ज्या भिंतीने वर्षानुवर्षे आपल्याला काहीच विचारले नाही, तिने उद्या अचानक ‘फोन रोखा आणि बोला’ म्हटले तर कोण थांबणार?

आणि भिंत कोणाची, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या लोकल स्थानकांवर रेल्वेच्या यूटीएस ॲपमधून तिकीट काढण्यासाठी क्यूआर कोड लावले गेले. प्रवासी स्थानकात हजर आहे याची खूण म्हणजे तो कोड, अशी कल्पना. पण भिंतीवरच्या स्थिर कोडचा फोटो काढून ठेवला की भिंतीपाशी जायची गरज उरत नाही. गाडीत तपासनीस दिसल्यावर फोटोतला कोड वापरून तिकीट काढायचे प्रकार झाले. ज्या पडद्यावरचा कोड दर थोड्या वेळाने बदलतो, तिथे ही पळवाट बंद होते. म्हणजे फळ्याचे जे वैशिष्ट्य आपण गमावले होते, तिथे प्रत्यक्ष जाऊन उभे राहण्याचे, ते बदलता पडदा परत आणू शकतो. दुसरीकडे दुकानाच्या खऱ्या कोडवर आपला कोड चिकटवून पैसे लाटणारेही निघाले. सार्वजनिक जागेवर कुणाचाही हात पोचतो, याचा अर्थ वाईट हातही पोचतो. आणि ज्याच्याकडे असा फोन नाही, किंवा ज्याची बॅटरी संपली आहे, त्याच्यासाठी पडदा पुन्हा उंचावर, काचेमागे जातो.

हे पुस्तक तीन भागांत आहे. पहिल्यात फोन आणि पडदा एकमेकांना कसे ओळखतात ते येते. गणित आहे, पण दहावीच्या भूमितीची भीती गेली असेल तर पुरे. दुसऱ्यात प्रत्यक्ष झालेले प्रयोग, त्यांतले फसलेले धरून. तिसऱ्यात माणसे, कायदा आणि खासगीपणा. ‘डिस्प्ले’ला सर्वत्र ‘पडदा’ म्हटले आहे. ‘प्रदर्शक’ म्हणून पाहिले, पण ते रंगमंचावरून आल्यासारखे वाटले. ऑगमेंटेड रिॲलिटीला कुणी विस्तारित वास्तव म्हणतात, कुणी संवर्धित. मी बोलण्यातला ‘एआर’च ठेवला आहे.

प्रत्येक प्रयोगाला मी एकच कसोटी लावली आहे. कुणी हात लावला हे जगाला कळण्याची गरज नाही. खासगीपणाच्या दृष्टीने ते न कळलेलेच बरे. पण हात लागला, हे शेजारी उभ्या माणसाला दिसते का? बर्लिनच्या खिडक्या या कसोटीला उतरतात, लिंझची भिंत उतरते. ज्याचा सगळा खेळ एकट्याच्या काचेत सुरू होऊन तिथेच संपतो, असे बरेच काही उतरत नाही. ते उपयोगी असेल, पण त्याला सार्वजनिक म्हणण्यात अर्थ नाही.

त्या वेलांटीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दोन आठवड्यांनी फळ्यावर पुन्हा कुणाचे तरी अभिनंदन आले, आणि ‘हार्दिक’ ऱ्हस्व होते. पोराला विचारले, कुणी सांगितले रे तुला? म्हणाला, “कुणी नाही. डाग होता ना.”